पंधरा चकत्या

शेवटचं पोतं काट्यावर चढलं तेव्हा काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. काका चष्मा पुसायला लागले की पुढे कुणाला तरी काहीतरी ऐकून घ्यावं लागतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. थोरली पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी होती. तिने मांजरासारखंच अंग चोरलं.

मळणीवाल्याने आकडा सांगितला. दोनशे चव्वेचाळीस. हा काकांचा मका. सकाळी थोरलीचा झाला होता तो दोनशे एकेचाळीस पोती. दोन्ही रानं चार-चार एकरांची, मधे एक बांध. बी एकाच दुकानातून आणलेलं, खतही सारखंच. मळणीवाल्याने सवयीने दोन्हीकडचा एकेक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि काकांचा अजून जरा ओला आहे, तिचा पत्र्याखाली दहा दिवस जास्त वाळलाय, असं पुटपुटला. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात तीन पोती घुमत होती.

तीन पोत्यांनी कुणाचं घर बुडत नाही. थोरलीला ते कळत होतं. पण या वर्षी मोजायचं होतं ते निराळंच होतं, आणि त्याला काटा नव्हता.

बाबा गेले ते थंडीच्या शेवटी. जाण्याआधी नऊ दिवस, एका दुपारी, ताप चढलेला असताना ते उशीला टेकून बसले आणि दोन गोष्टी बोलले. पहिली थोरलीशी. या वर्षी मका वीस दिवस आधी पेरा, म्हणाले. बांधावरच्या झाडाला पालवी फुटायची वाट बघू नका. झाड वारा बघून फुटतं, बी माती बघून फुटतं. चार बोटं खोल, सकाळी सातला, दहाच्या वर पारा गेला की टाका बी. मग त्यांनी पाणी मागितलं, अर्धा घोट घेतला, आणि दुसरी गोष्ट आईशी बोलले. त्यानंतर संध्याकाळपासून ते असंबद्ध बरळायला लागले, पंपाचा पट्टा, शाळेतला कुणी मित्र, पाऊस. ते पुन्हा सलग असं काही बोललेच नाहीत.

म्हणून प्रश्न असा होता की त्या दुपारी बोलले ते बाबा, की ताप?

काकांनी त्याचा निकाल तेव्हाच लावून टाकला होता. घरात अजून लोक भेटायला येत होते, पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या होत्या, आणि थोरलीने पेरणीचं काढलं. काका म्हणाले, तापातलं बोलणं ऐकून कुणी रान पेरतं का? तीन पिढ्या झाडाकडे बघून पेरत आलो, उपाशी मेलो नाही. दोघा भावांचं या एका दिवसावरून उभं आयुष्य वाजलं होतं. बाबांनी पंपघरामागे दरवर्षी चार ओळी लवकर लावायच्या, दूध तापवायचा थर्मामीटर मातीत खुपसून बसायचं, आणि काकांनी बांधावरून विचारायचं, काय डॉक्टर, पेशंट कसा आहे? त्या चार ओळींची कणसं मात्र काका आवडीने भाजून खायचे.

शेवटी धाकट्याने तोड काढली. थोरलीचा हा भाऊ शहरात लेथवर काम करतो, आणि प्रत्येक भांडणाचा त्याला दशांशापर्यंत निकाल हवा असतो. तो म्हणाला, एक वर्ष ताई बाबांच्या दिवशी पेरेल, काका झाडाच्या. सुगीला दाणा आणि पाणी दोन्ही मोजू. ताईचं कशातच सरस निघालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून आपलं रान काका कसतील, त्यांच्या पद्धतीने, आणि ताई आपल्या छापखान्यात प्रुफं तपासायला परत जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका उठता उठता म्हणाले, "आणि मग मान्य करायचं, त्या दिवशी तो तापात होता."

ते शब्द आईनेही ऐकले होते. हातातल्या भांड्याचं झाकण तिने उगाचच एकदा काढून परत लावलं होतं.

थोरलीने पेरलं. घरच्या शोकाचे दिवस संपायच्या आत पेरलं, थंडगार मातीत, बोटं बधिर होत असताना. बी सतरा दिवस वर आलं नाही. रोज सकाळी ती सरीत उकिडवी बसून माती उकरायची, दाण्याला फुटलेला पांढरा ठिपका बघायची आणि परत झाकायची. एकदा काका बांधावर उभे राहून म्हणाले, "काय पंडित, बी झोपलंय की वारलंय, जरा पुस्तकात बघून सांगा." बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच काय बोललो ते कळलं. ते तोंड फिरवून जे गेले ते तीन दिवस बांधाकडे फिरकले नाहीत.

अठराव्या दिवशी कोंब आले. काकांचं बी, झाडाला पालवी फुटल्यावर, ऊबदार मातीत टाकलेलं, सातव्या दिवशी टरारून वर आलं. सगळ्यांना वाटलं, थोरलीचा वीस दिवसांचा फायदा पाण्यात गेला.

आता पोती शिवली जात होती, आणि राहिलं होतं ते पाणीच.

"चला," धाकटा हात झटकत म्हणाला. "फळी बघू."

पंपघर म्हणजे तळ्याच्या काठावरची एक खोली. आत मोटार, भिंतीवर बटणांची पेटी, कोपऱ्यात तेलाने काळं झालेलं फडकं, आणि समोर ती फळी. वाटणी झाली त्या वर्षी दोघा भावांनी मिळून ठोकलेली, आणि मिळून केलेलं बहुधा ते शेवटचं काम. फळीला दोन खिळे, डावा काकांचा, उजवा बाबांचा. खाली पत्र्याच्या डब्यात लोखंडी चकत्या, बोल्टखाली घालतात त्या, धाकट्याच्या भाषेत वॉशर. तळं भरलेलं असलं की मक्याच्या हंगामात पंधरा पाळ्या पाणी मिळतं. आधी पेरेल त्याला आठ, दुसऱ्याला सात. मोटार चालू करायची ती आपल्या खिळ्याला चकती अडकवून मगच. ज्याची पाळी, त्याचा खिळा. उरलेली पाळी तळ्यात राहते आणि चकती डब्यात. पाणी कुठल्या सरीत गेलं हे बघायला रोज कोण येणार, म्हणून नियम एवढाच आणि इतका सोपा. वीस वर्षांत या फळीवरून भांडण झालं नव्हतं, हे या घरात आश्चर्यच.

सगळे आत आले. खोली लहान, त्यात काकू उंबऱ्यातच थांबल्या, म्हणून उजेड निम्मा झाला. आई मोटारीच्या चौथऱ्यावर बसली. मोजायचं काम घरातल्या सर्वांत लहानाचं, म्हणजे धाकट्याचं, मग तो पस्तिशीचा का असेना.

त्याने आधी डबा पालथा केला. रिकामा. तळं तळाला गेलं होतं, ते सगळ्यांना दिसतच होतं. मग डावा खिळा मोजला. सात. मग उजवा. तो मोजताना त्याचा आवाज हळूहळू खाली गेला. आठ.

धाकट्याने चकत्या बोटाने सारख्या केल्या, जणू त्या कमी होतील.

"म्हणजे ताई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाणी एक पाळी जास्त, आणि मका तीन पोती कमी."

थोरलीने मान हलवली. तिला हा आकडा महिनाभर माहीत होता. त्या आठांतल्या शेवटच्या दोन चकत्या तिनेच अडकवल्या होत्या, पण ते पाणी तिच्या रानात गेलंच नव्हतं.

झालं होतं असं. ऊन अचानक तापलं तेव्हा काकांच्या मक्याला नुकते कुठे तुरे आले होते, कणसांना केस फुटत होते. मक्याला पाण्याची खरी तहान तेव्हाच. दुपारी त्यांच्या रानात पानं सुरळीसारखी गुंडाळली जायची. त्यांच्या सातही पाळ्या संपल्या होत्या. बांधाच्या अलीकडे थोरलीच्या मक्याचे केस वाळून काळे पडले होते, दाणा चिकातून पुढे सरकून घट्ट होत आला होता. थंडीत सतरा दिवस मातीखाली अडून बसलेलं पीक बांधापलीकडच्या पिकाच्या नऊ दिवस पुढे राहिलं होतं, आणि ते नऊ दिवस नेमके उन्हाच्या आधीचे होते. तिच्या दोन पाळ्या शिल्लक होत्या आणि तिच्या रानाला त्या नको होत्या.

तेव्हा एका सकाळी काकू आल्या. निमित्त म्हणून हातात चाळणी होती, जी त्यांनी कधीच उसनी नेली नव्हती. चाळणी परत करायला आले म्हणाल्या, मग ओट्याला टेकून पाच मिनिटं गुडघेदुखीवर बोलल्या, आणि मग म्हणाल्या, तुला नको असेल तर त्या दोन पाळ्या इकडे वळवशील का? यांना मी सांगेन, तिला नकोत म्हणून आल्या. पण चारचौघांत तू काही बोलायचं नाहीस. तुझे काका मोडतील, पण वाकणार नाहीत, आणि मला या वयात मोडलेला माणूस सांभाळायचा नाहीये.

थोरलीने शब्द दिला होता. तेव्हा तिला तो स्वस्त वाटला होता. प्रुफं तपासणाऱ्या माणसाची सवय, आपण केलेली दुरुस्ती छापील पानावर कुणाला दिसत नाही आणि दिसूही नये. चकती अडकवताना तिच्या मनात आलंही होतं की ही काकांच्या खिळ्याला हवी. पण नियम म्हणजे नियम. ज्याची पाळी, त्याचा खिळा.

आता तिने काकूंकडे पाहिलं. काकू किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होत्या आणि त्यातल्या एकाच किल्लीकडे टक लावून बघत होत्या.

बोलावं का? दोन वाक्यांचं काम होतं. पण दिलेला शब्द मोडून काकूंना उघडं पाडायचं, आणि तेही आपली बाजू मांडायला. बाबांनी या घरात कधी कुणाला तोंडघशी पाडून आपलं खरं केलं नव्हतं. चार ओळी लावायचे, कणसं वाटून टाकायचे आणि गप्प बसायचे. थोरली भिंतीवरच्या एका तेलाच्या डागाकडे बघत राहिली.

मग तिला आई दिसली. आईने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ती ते बघत होती, काहीतरी हातात होतं आणि आता नाही अशी. "चहा टाकते," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, पण उठली नाही.

त्या दुपारची दुसरी गोष्ट थोरलीला ऐकू आली होती, कारण ती तिथेच उभी होती. बाबा आईला म्हणाले होते, मी गेल्यावर तुझी खाट पुढच्या खोलीत घे, तिथे सकाळचं ऊन येतं, तुझ्या गुडघ्यांना बरं वाटेल. एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने बायकोच्या गुडघ्यांचा विषय कधी काढला नव्हता. आई पाच महिने मागच्या अंधाऱ्या खोलीतच झोपत होती. खाट हलवू का, असं थोरलीने दोनदा विचारलं. आई दोन्ही वेळा म्हणाली होती, राहू दे, बघू सुगीनंतर.

सुगी झाली होती. आकडे लागले होते. ताप होता तर दोन्ही गोष्टी तापाच्याच.

"अहो," उंबऱ्यातून काकूंचा आवाज आला, बारीक, त्यांचा नसलेला. "मी काय म्हणते—"

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला, पुसला, लावला. सकाळपासून ते जवळजवळ बोललेच नव्हते, हे थोरलीच्या आत्ता ध्यानात आलं. सकाळी तिची कणसं यंत्रात पडत होती तेव्हा ते बाजूला उभे होते, एक कणीस उचलून उलटंसुलटं बघत. टोकापर्यंत भरलेलं कणीस. ते त्यांनी परत ढिगात टाकलं नव्हतं, खिशात घातलं होतं. अजूनही त्यांचा खिसा एका बाजूला लोंबत होता.

ते फळीपाशी गेले. उजव्या खिळ्यावरून त्यांनी एक चकती काढली. मग दुसरी. दोन्ही क्षणभर मुठीत धरल्या आणि मग एकेक करून डाव्या खिळ्याला अडकवल्या. लोखंडावर लोखंड दोनदा वाजलं.

"या माझ्या," ते म्हणाले.

धाकट्याला काही उमगेना. तो म्हणाला, काका, नियमाने तर पाळी ताईची होती.

"पाळी तिची. पाणी माझ्या रानात आलं. नियम मीच केलाय, मला शिकवू नकोस."

"मी मागून आणलं होतं," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज त्यांचाच होता. "म्हटलं, तुमचा ताठा जपायचा तर कुणीतरी पदर पसरायला हवा. पोरीला मीच गप्प बसवलं होतं."

"मागून आणलंस ते कळलं होतं मला. आपली चाळणी यांच्या ओट्यावर दिसली तेव्हाच कळलं." काका थोरलीकडे वळले. तिच्याकडे बघणं त्यांना जड जात होतं, म्हणून ते तिच्या खांद्यामागच्या खिडकीशी बोलल्यासारखे बोलत राहिले. "मला वाटलं, हिने रान सोडून दिलं. पाणी नको म्हणते, म्हणजे वाचवण्यासारखं काही उरलं नसेल. मनात म्हटलं, बरं झालं, जिरली. खोटं कशाला बोलू. सकाळी तुझी कणसं बघितली आणि तेव्हापासून त्यातलं एक खिशात घालून फिरतोय."

त्यांनी खिशातलं कणीस काढलं आणि मोटारीच्या चौथऱ्यावर, आईच्या शेजारी ठेवलं.

"सहा पाळ्यांत हे. आणि माझ्या नऊ लागल्या. नवव्या पाळीलासुद्धा मी तळ्याकडे बघत होतो. तिच्या कणसांना केस फुटले तेव्हा मी सकाळी अजून स्वेटर घालून फिरत होतो, आणि माझ्या कणसांना फुटले तेव्हा डोक्यावर ओला टॉवेल. ती तीन पोती म्हणतोस ना, त्यांत मक्यापेक्षा ओलच जास्त आहे. मळणीवाला बोलला, तुम्ही कुणी ऐकलं नाही."

धाकट्याने नकळत बोटं मोजायला घेतली होती. सहा आणि नऊ. मग त्याने बोटं मिटली. त्याचा चेहरा एखादा सुटा भाग अचूक बसल्यावर व्हावा तसा झाला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"पुढच्या वर्षी माझंही रान त्याच्याच दिवशी पेरू," काका म्हणाले. "तो थर्मामीटर कुठे आहे, जपून ठेवा. नाहीतर ही तो परत दुधात बुडवायची." काकूंनी नाक उडवलं. मग काका आईकडे वळले. बाबा त्यांचे धाकटे भाऊ, आणि भावजयीशी ते सहसा थेट बोलत नसत. आत्ता बोलले. "ताप होता त्याला. पण बोलत होता तो तोच होता. शुद्धीवर होता. मी उगाच काहीबाही बोललो."

आईने कणीस उचललं. त्याच्या भरलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. 

"दोन्ही एकाच दुपारी बोलले ना गं?" तिने थोरलीला विचारलं.

"हो. एकाच दुपारी. तुझ्याशी बोलले ते नंतर, पाणी प्यायल्यावर."

"पाणी मीच दिलं होतं," आई म्हणाली. मग ती उठली, गुडघ्यावर हात दाबून, नेहमीसारखी दोन टप्प्यांत. "खाट हलवायची आहे. चहा मग टाकते."

कुणाला काही कळलं नाही. थोरलीने सांगितलं तेवढंच धाकट्याला आणि काकांना कळलं, की खाट पुढच्या खोलीत न्यायची आहे. आणि एवढं कळणं पुरेसं असतं. घरी आल्यावर चार माणसं एका खाटेला लागली. खाट दारातून आडवी जाईना. काकांनी ती उभी करायला सांगितली, मग तिरकी, मग त्यांना आठवलं की ही आत आणली तेव्हा पाय काढून आणली होती. धाकटा म्हणाला, हे आधी आठवलं असतं तर माझं बोट वाचलं असतं. काकू म्हणाल्या, या घरातल्या पुरुषांना सगळं आठवतं, फक्त उशिरा. थोरलीला हसू फुटलं. पाच महिन्यांत ती पहिल्यांदा मोठ्याने हसली, आणि हसताना लक्षात आलं की छातीवर इतके दिवस कुणीतरी बसलेलं होतं आणि आत्ता उठून गेलं.

धाकट्याने पाय काढले, खाट गेली, पाय परत बसले. काकूंनी अंथरूण घातलं. आईने उशी स्वतः आणली आणि कुठे ठेवायची ते न विचारता खिडकीच्या बाजूला ठेवली. मग ती काठावर बसली आणि पायांवर लुगडं सारखं केलं.

दिवस कलायला लागला होता. खोलीचा तो कोपरा तसा अंधुकच होता.

"ऊन कुठे आहे इथे?" काकू खिडकीतून वाकून बघत म्हणाल्या.

"सकाळी येतं," आई म्हणाली. "ते सांगून गेलेत."